बांगडीच्या लाखेची मोहर

गुदामाचं दार गरम लागलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

मी मुद्दाम हात लावला नव्हता. चपलेचा अंगठा तुटला म्हणून एका पायावर उभी राहिले आणि तोल सावरायला दाराच्या फळीवर तळवा टेकवला. सकाळची वेळ होती. चार दिवसांपूर्वी हस्ताचा दणकून पाऊस पडून गेला होता आणि हवेत अजून गारवा होता. माझ्या दुकानाचं दार गार, ओटा गार, स्टेशनाच्या कठड्यावर तर दव होतं. मग हीच एक फळी कोमट कशी? आम्ही लखारे, आजेसासऱ्यांच्या वेळी मारवाडातून इकडे आलेले. लाखेच्या बांगड्या करतो. निखाऱ्यावर लाख किती तापली हे आम्ही डोळ्यांना विचारत नाही, तळव्याला विचारतो. तळव्यानं सांगितलं, आत काहीतरी शिजतंय.

"संतोषबाई, दाराला हात न्हाई लावायचा!" चौकीदार कडूबा पलीकडून ओरडला. "मोहर हाय त्याच्यावर."

"मोहरेला कुठं लावला? फळीला लावला. कडूबा, हे दार गरम का रे?"

कडूबानं थोडा विचार केला. "सरकारी हाय," तो म्हणाला.

लढाईची वर्षं होती. निजाम सरकार गावोगावची ज्वारी लेव्हीत गोळा करत होतं. त्यातलं निवडून काढलेलं शाळूचं बी बदनापूर स्टेशनाजवळच्या ह्या गुदामात ठेवलं होतं. पेरणीच्या वेळी ते गावांना परत वाटायचं ठरलं होतं. पण वाटपाआधीच इथल्या साहेबांची बदली झाली. जाताना त्यांनी कुलपावर कापड गुंडाळलं, कापडाच्या गाठीवर लाख ओतून शिक्का मारला आणि बजावलं, नवे साहेब चार्ज घेईपर्यंत उघडायचं नाही. नवे साहेब तीन महिने झाले येतच होते.

आता एक गोष्ट सांगते, जी तेव्हा फक्त तिघांना माहीत होती: जाणाऱ्या साहेबांना, कचेरीच्या शिपायाला आणि मला. मोहर करायच्या दिवशी कचेरीतली लाख संपलेली होती, लढाईमुळे नवी येत नव्हती. शिपाई पळत माझ्याकडे आला. मी शेगडीवरची लाल लाख काढून दिली, साधारण दीड बांगडीची. म्हणजे अख्खं गाव ज्या मोहरेपाशी आलं की आवाज खाली करायचं, ती माझ्या दुकानातली होती. जवळून बघितलं तर तिच्यात एक बारीक चमकीसुद्धा होती.

त्याच दिवशी दुपारी केदारखेड्याच्या साळूबाई माझ्या ओट्यावर येऊन टेकल्या. दीड दिवसाची वाट तुडवून त्यांच्या गावच्या सहा गाड्या बी न्यायला आल्या होत्या आणि तीन दिवस स्टेशनासमोर बैल सोडून उभ्या होत्या. साळूबाईंचे मालक रखमाजी बैलांपुढं वैरण टाकत होते. बायको बोलतेय तोवर आपल्याला बोलायचं काम नाही, हे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"भाभी, हितं बसले तर चालंल ना?" साळूबाई म्हणाल्या. "तिकडं कचेरीच्या पायरीवर बसलं की नुसतं उद्या, उद्या ऐकून राह्यलो आम्ही."

"बसा की. पेरणी राहिली का?"

"वावर तयार हाय, वल हाय. अजून आठ दिस टिकंल, लई तर नऊ. त्यातले दोन जायला लागतेत. मालक म्हणते सबूर कर. म्या म्हणलं, म्या करते सबूर, पर वल करंल का?"

तेवढ्यात कचेरीतून भुजंगराव बाहेर आले. हे गल्ल्याचे नायब, म्हणजे धान्याचा सगळा कारभार यांच्याकडे. पंचेचाळिशीचा, सडपातळ, अतिशय सभ्य माणूस. कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घेत नसत. रोज दहा वाजता ते गुदामासमोर उभे राहून मोहरेकडे बघत, झोपलेल्या कुत्र्याकडे बघावं तसं, आणि ती जागची हललेली नाही असं पाहून कचेरीत जात. तिथं येईल त्या कागदावर उर्दूत 'मुलाहिजा' लिहीत. मुलाहिजा म्हणजे बघितलं. आणि कागद पुढं पाठवत.

"सायेब, आज?" साळूबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं.

"वर लिहिलंय, बाई."

"वर म्हंजी कुठं?"

"वर म्हणजे... वर."

"आभाळात? तिथून तर पाऊस आल्ता, कागुद न्हाई आला."

मला वाटलं साहेब रागावतील. ते रागावले नाहीत. खाली मान घालून निघून गेले, आणि तेव्हापासून मला त्यांच्याबद्दल नवल वाटायला लागलं. त्यांच्या खिशात किल्ली होती, नरड्यात आवाज होता, हाताशी कडूबा होता. मग हा माणूस दीड बांगडीला का भीत होता?

दुसऱ्या दिवशी गुदामाच्या उंबऱ्याखालून मुंग्यांची रांग निघालेली दिसली. प्रत्येकीच्या तोंडात एक दाणा, आणि दाण्याला पांढरं टोक. मोड आलेला. मी चार दाणे तळव्यावर घेतले आणि कचेरीच्या दारात जाऊन हात पुढं केला.

"साहेब, हे बघा."

भुजंगरावांनी बघितलं. मग भिंतीकडे बघितलं. "मी हे बघितलेलं नाही," ते म्हणाले.

पण तासाभरानं ते माझ्या दुकानात आले. इकडं तिकडं बघत, बायकोसाठी बांगड्या हव्यात म्हणून.

"माप?" मी विचारलं.

"माप असेल काहीतरी." ते बसले. शेगडीवरच्या लाखेकडे बोट केलं. "संतोषबाई, लाखेची वस्तू एकदा बसवली की अखंड निघते का हो?"

"बांगडी निघते. हात सुजला की गरम करून उघडते, काढते, परत जोडते. सांधा कुठं होता ते मला पण सापडत नाही."

"आणि समजा... कापडावर बसलेली असेल तर?"

"गुदाम उघडायचंय तुम्हाला?"

"छे छे! उघडायचं नाही. फक्त बघायचंय."

"मग बघा की. किल्ली तुमच्याचकडे आहे."

"बघायचंय, पण मी बघितलं असं व्हायला नको."

असलं बघणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. हातातली लाख खाली ठेवली आणि म्हटलं, साहेब, हे मला जरा नीट सांगा. ते कसं जमतं?

मग त्यांनी सांगितलं. पलीकडच्या तालुक्यात ते पेशकार, म्हणजे कारकून, असताना त्यांचे एक साहेब होते. असाच पाऊस, असंच गुदाम. साहेबांनी संध्याकाळी मोहर तोडली, माणसं लावली, दोनशे पोती वाचवली. त्यानंतर अकरा महिने वरून विचारणा येत राहिली. हुकमाची वाट का पाहिली नाही? त्या दिवशी पाऊस होता याला आधार काय?

"पावसाचा दाखला मागितला, संतोषबाई. पावसाचा! साहेब उत्तरं लिहून लिहून वाळले. शेवटी नोकरी सोडून घरी गेले. ती सगळी उत्तरं माझ्या अक्षरातली आहेत."

"आणि पोत्यांबद्दल काय विचारलं?"

"पोत्यांबद्दल कुणी काही विचारलंच नाही."

"बरं, उघडलं नसतं आणि सगळं कुजलं असतं तर?"

"तर काय? आसमानी आफत. कुणालाच काही विचारलं नसतं."

त्यांचं बोलणं वेड्यासारखं नव्हतं, हीच अडचण होती. "आता वरून काय म्हणतात?"

"चार पत्रं पाठवली. ते म्हणतात, तुमची राय कळवा. मी कळवली."

"काय राय दिलीत?"

भुजंगराव खाली बघून म्हणाले, "जसा हुकूम होईल तसं."

मला हसू आवरेना. एवढा वेळ गंभीर असलेले भुजंगरावही हसले. त्यांच्या पुढच्या दातांत फट आहे हे मला त्या दिवशी कळलं.

दोनची पॅसेंजर गेली की स्टेशन तासभर झोपतं. आम्ही तेव्हा गेलो. मी एका गाडग्यात चार निखारे, चिमटा, पत्र्याची पट्टी आणि लाख लाटायचा लाकडी हत्था घेतला होता. भुजंगरावांनी कडूबाला पाठ करून बसायला सांगितलं. ते काम त्याला बरोबर जमलं.

मोहरेला ऊब दिली. सरकारी लाख मला माहीत नाही, पण माझी लाख माझं ऐकते. कडा सैल झाल्यावर खालून पट्टी सरकवली आणि शिक्क्यासकट गोळा अलगद उचलला. एक रेघ हलली नाही. भुजंगरावांनी कापड सोडलं, कुलूप काढलं, दार ढकललं.

आतून आंबलेल्या पिठासारखा वास आला आणि तोंडावर वाफ. पश्चिमेच्या कोपऱ्यात पत्रा उचकटला होता, तिथून आभाळ दिसत होतं. त्याखालच्या पोत्यांना हिरवट केस फुटल्यासारखे कोंब आले होते. भुजंगरावांनी एका पोत्याच्या उसवलेल्या शिवणीतून हात आत घातला, कोपरापर्यंत, आणि चटकन ओढून घेतला.

"हे तर भाजतंय!"

मग ते पुढच्या रांगेतल्या पोत्यांना हात लावत गेले. गरम, गरम, कोमट. दार तापलं होतं ते वाफेनं; दाराजवळची पोती अजून गार होती, कोरडी होती. म्हणजे बरंचसं बी अजून धड होतं, पण ऊब एकेक रांग पुढं सरकत होती. त्यांनी हे बघितलं आणि मी त्यांना बघताना बघितलं.

बाहेर येऊन ते म्हणाले, "लावा. मोहर परत लावा."

"लावते. मग पुढं?"

"आज पाचवं पत्र लिहितो. धान्य ओलं झाल्याचा संशय आहे म्हणून."

"संशय? साहेब, तुमचं कोपर अजून लाल आहे."

त्यांनी बाही खाली ओढली. तेवढ्यात पाठ करून बसलेला कडूबा भिंतीशी बोलावं तसा बोलला.

"सरकार, एक इचारू? मोहर साबूत, अन् आतला माल सडला, तर कुणाला धरतेत?"

भुजंगराव बाहीचं बटण लावत राहिले.

"चौकीदाराला," त्यानंच उत्तर दिलं. "पत्रा उचकटला हे तुमाला सांगितल्तं, पर तोंडी. मला काय, हिकडून काही दिसून न्हाई राह्यलं. आपलं इचारलं."

भुजंगराव पायरीवर बसले. मोहर माझ्या हातातल्या पट्टीवर होती, मऊ, अजून पाच-सात मिनिटं तरी जशी होती तशी बसवता आली असती. मला घाई करायची नव्हती, पण लाख घाई करते. मी मनगटातली एक बांगडी काढून त्यांच्या हातात दिली.

"आतून बोट फिरवा. काही लागतं का?"

त्यांनी बोट फिरवलं. "खाच आहे."

"माझ्या नखाची खूण. प्रत्येक बांगडीला लावते. बांगडी फुटली की बाई ती घेऊन माझ्याच दारात येते, भांडते, चार लोकांत माझा उद्धार करते. खूण नसती तर ती जालन्याच्या पन्नास दुकानांत कुणाकडे गेली असती कोण जाणे."

"मग लावता कशाला?"

"सासूनं लावायला शिकवलं म्हणून. पहिल्यांदा मी पण हेच विचारलं होतं. आता वाटतं, भांडायला कुणीतरी सापडलं पाहिजे ना माणसाला. आणि खूण लावायची म्हटली की लाख मी जरा नीट लाटते."

ते बांगडी फिरवत राहिले. मी म्हटलं, "तुमच्या साहेबांना अकरा महिने विचारलं, बरोबर. पण उत्तरं त्यांच्याकडे नव्हती का? सगळी नंतर आठवून लिहावी लागली, म्हणून ते वाळले. तुम्ही आधीच लिहा ना. किती वाजले, कोणती रांग गरम, पत्रा कुठं उचकटला, का थांबलो नाही. चूक केली असं म्हणतील कदाचित. लपवलं असं कुणाला म्हणता येणार नाही."

भुजंगराव उठले. "मोडा ती मोहर," ते म्हणाले.

"मी नाही. मी गरम करते. मोडायचं काम तुमचं."

त्यांनी मोहर माझ्याकडून घेतली, पायरीवर ठेवली, माझा हत्था उचलला आणि मारला. मोहर मोडली नाही. वाकली. गरम लाख मोडत नाही, हे त्या घाईत मीच विसरले होते.

"थंड होऊ द्यावी लागेल," मी म्हटलं.

"किती वेळ?"

"सावलीत एक घटका. पाणी टाकलं तर लवकर."

आणि मग आम्ही तिघं त्या मोहरेभोवती उभे राहिलो, ती मोडण्याइतकी कडक होण्याची वाट बघत. कडूबा आता वळून बसला होता. त्यानं आपल्या तांब्यातलं पाणी थोडं थोडं तिच्यावर सोडलं. भुजंगराव हत्था ह्या हातातून त्या हातात घेत होते. ह्या वेळात ते बदलले तर, असं माझ्या मनात दोनदा आलं. त्यांच्या मनात किती वेळा आलं असेल ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

तेवढ्यात उघडं दार बघून साळूबाई धावत आल्या. आता ओरडतील असं वाटलं. त्या सरळ आत गेल्या, पोत्यापोत्यातून दाणा काढून दाताखाली धरू लागल्या. आतून त्यांचा आवाज येत होता.

"हे मेलं. हेबी मेलं. हे... मेलं. हे जितं हाय. हे जितं. ही रांग सगळी जिती हाय!" मग दारात येऊन, पदरानं तोंड पुसत, "सायेब, आज रातीला ठिवलं आसतं तर हीबी रांग गेली आसती. बघा, तुमीच दाताखाली धरून बघा."

भुजंगरावांनी दाणा दाताखाली धरला. मग खाली वाकून हत्था मारला. मोहर टच्च करून फुटली. तीन तुकडे झाले, एकावर चमकी.

पंचनामा तिथंच पायरीवर झाला. भुजंगराव उर्दूत लिहीत होते आणि एकेक वाक्य आम्हाला मराठीत सांगत होते. अमुक वाजता, अमुक रांगा, पत्रा, वाफ, दाणा चावून बघितला. कडूबानं तोंडी खबर दिली होती आणि आपण ती लिहून घेतली नाही, हेही त्यांनी घातलं. कडूबानं ते दोनदा वाचायला लावलं. पंच म्हणून रखमाजी, साळूबाई आणि आणखी दोघांचे अंगठे. रखमाजी चार दिवसांत पहिल्यांदा बोलले, "माझा अंगठा मोठा हाय, जागा सोडा."

मग भुजंगराव लिहिता लिहिता थांबले.

"मोहर आधी अखंड उचलली होती, नंतर मोडली," ते हळू आवाजात म्हणाले. "हे लिहायला हवं. पण संतोषबाई, तुमचं नाव नको घालायला. तुम्हाला त्रास होईल. मोहर मोडली एवढंच लिहितो."

आणि खरं सांगते, मी घाबरले. सरकारी मोहर उचलणारी बाई. उद्या कुठं चोरी झाली तर पहिलं माझं दार वाजणार. घरच्यांचे चेहरे दिसले, दुकानाला लागलेलं कुलूप दिसलं, त्यावर कुणाची तरी लाख. दुसऱ्याला धीर देताना माझी जीभ किती सैल सुटली होती! मला मनातून वाटलं, लिहू नका म्हणावं. तोंड उघडलंही होतं.

साळूबाई माझ्याकडे बघत होत्या. कडूबा बघत होता. भुजंगराव तर अगदी कुतूहलानं बघत होते, मी दोन दिवस त्यांच्याकडे बघत होते तसं.

"लिहा," मी म्हटलं. "संतोषबाई लखारीण, बदनापूर, स्टेशनासमोर. आणि लाख पण माझीच होती, तेही लिहा. एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

"लाख तुमची होती?" तिघांच्या बाहेरचं कुणी हे पहिल्यांदाच ऐकत होतं. भुजंगरावांनी फुटलेला तुकडा उचलून उजेडात धरला. "म्हणजे ही चमकी..."

"बांगडीची."

तीन महिने रोज दहा वाजता त्यांनी तिच्याकडे बघितलं होतं. त्यांच्या दातांतली फट पुन्हा दिसली.

संध्याकाळपर्यंत गार पोती गाड्यांत चढली. गरम पोती फोडून स्टेशनामागच्या मोकळ्या जागेत पसरली. त्यातली निम्मी बियाला नाही तरी खाण्याला उपयोगी पडली, बाकीची गुरांना. गाड्या निघताना साळूबाईंनी मला हाक मारून सांगितलं, "भाभी, हुरड्याला यीन!"

त्या आल्या. पौषात, थंडी पडल्यावर, कोवळ्या कणसांची मोठी मोळी घेऊन. माझ्याच शेगडीवर आम्ही कणसं भाजली. भुजंगराव ओट्यावर बसून हाताला चटके खात दाणे चोळत होते, तोच शिपाई पाकीट घेऊन आला. वरून आलेलं.

ते वाचताना त्यांचं तोंड हलायचं थांबलं. "विचारतात, कोणत्या अधिकारानं मोहर तोडली. आठ दिवसांत जवाब द्या."

साळूबाईंनी कणीस शेगडीवरून काढलं. पुढं वर्षभरानं 'यापुढे खबरदारी घ्यावी' एवढी एक ओळ येऊन ते प्रकरण मिटलं, पण त्या दुपारी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. आता ते पाकीट घडी होऊन खिशात जाणार का, आठ दिवस तिथंच राहणार का?

भुजंगरावांनी हात झटकले, शिपायाकडून दौत मागितली आणि बांगड्यांच्या पाटावर कागद ठेवून लिहायला लागले. मध्ये एकदा दाणे तोंडात टाकले. तीन-चार ओळी झाल्या, खिशात जपलेली पंचनाम्याची नक्कल जोडली, सही केली. सही मोठी होती. लिफाफा बंद केला आणि माझ्यापुढं धरला.

"थोडी लाख द्या. कचेरीतली अजून आलेली नाही."

"चमकीची चालेल?"

"चालेल."

मी पातळ लाख लिफाफ्याच्या तोंडावर सोडली. शिक्का कचेरीत राहिला होता. ते आणायला उठले नाहीत. अंगठा टेकवला, आणि लगेच उचलला.

"चटका बसला."

"बसतोच," मी म्हटलं. "दाबून धरा, नाहीतर खूण उमटत नाही."

त्यांनी अंगठा परत टेकवला आणि दाबून धरला.